दहा काड्यांची चांदणी

दुबईत दिवाळीची सरकारी सुटी नसते. सण कामाच्या दिवसांत येतो आणि कामाच्या दिवसांतच सरतो. २०२२ पासून इथली साप्ताहिक सुटी शनिवार-रविवारची झाली, त्यामुळे नशिबाने एखादा दिवस तिच्यात सापडतो, एवढंच. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, आमच्या मुलीच्या शाळेची सत्रामधली सुटी १३ ते १९ ऑक्टोबर अशी होती. वसुबारस आणि धनत्रयोदशी त्या सुटीत बसल्या. नरक चतुर्दशी मात्र २० तारखेला, सोमवारी, नेमकी शाळा उघडायच्या दिवशी. पाच वर्षांच्या मुलीने पहाटे उटणं लावून, फराळ करून, गणवेश घालून शाळेच्या बसमध्ये बसायचं, असं ते वेळापत्रक. ते बघून मी आणि नवऱ्याने एक गोष्ट ठरवली. सणाचे दिवस आपल्या हातात नाहीत, पण सणाआधीचा हा आठवडा पूर्ण आपला आहे, आणि लहान मुलाची खरी दिवाळी तयारीतच असते.

इथे दिवाळी विकत घ्यायची म्हटली तर काहीही कमी नाही. सुपरमार्केटमध्ये ऑक्टोबर लागला की एक आख्खी रांग दिवाळीची. चिकटवायच्या रांगोळ्या, बॅटरीच्या पणत्या, घडी उघडली की तयार होणारे कंदील, फराळाचे बंद डबे, वर रिबीन बांधलेल्या सुक्या मेव्याच्या टोपल्या. दोघंही नोकरी करणाऱ्या घराने हे विकत आणलं तर मी नावं ठेवणार नाही. चकलीचं पीठ मळायला रात्री दहानंतरच वेळ मिळतो हे मला चांगलं माहीत आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्यात लहान मुलाला करायला काही उरत नाही. त्याच्या वाट्याला नवे कपडे घालून फोटोसाठी उभं राहणं तेवढं येतं.

आमच्या लहानपणी सातारला दिवाळी आपसूक यायची. आम्ही पोरांनी काडी हलवली नाही तरी शेजारच्या स्वयंपाकघरातून भाजणीचा वास यायचाच, कुणीतरी गेरू कालवत असायचं, समोरच्यांचा किल्ला आमच्यापेक्षा उंच झालेला असायचा आणि मग आम्हालाही माती आणायला पळावं लागायचं. चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये, वातानुकूलित कॉरिडॉरच्या बंद दारांआड, आपसूक काहीच येत नाही. इथे मुलाच्या हाताला काम आणि पायाला वाट दिली तरच दिवाळी होते. नाही दिली तर तो एक साधा मंगळवार असतो.

आम्ही राहतो ते जुमेरा लेक टॉवर्स. बोलताना सगळे जेएलटीच म्हणतात. शेख झायेद रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला दुबई मरीना, अलीकडे आम्ही. इमारतींचे गट, म्हणजे क्लस्टर, एपासून झेडपर्यंतच्या अक्षरांनी ओळखले जातात. आमच्या मुलीला इंग्रजी मुळाक्षरं आधी या पाट्यांवरून आली, शाळेतून मागाहून. मधे बांधलेली तळी, त्यांच्या काठाने चालायची वाट, खेळायची बाग, आणि तळ्यांमधल्या बेटावर अल्मास टॉवर, साधारण ३६० मीटर उंच. दुबईचा हिऱ्यांचा बाजार त्या इमारतीतून चालतो. ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळचा उकाडा उतरतो आणि उन्हाळाभर घरात कोंडलेली सगळी मुलं एकदम तळ्याकाठी दिसू लागतात. दिवाळीसाठी याहून चांगला मुहूर्त वाळवंटात मिळायचा नाही.

एका गोष्टीत मात्र मी फार कडक आहे, ती म्हणजे उघडी ज्योत. १८ नोव्हेंबर २०१२ च्या पहाटे जेएलटीतल्याच तमवील टॉवरला आग लागली. कारण निघालं ते सिगारेटचं पेटतं थोटूक. इमारतीच्या बाहेरच्या आवरणाने पेट घेतला आणि आग वरून खालपर्यंत पसरली. माणसं वाचली, पण रहिवाशांना कित्येक वर्षं आपल्या घरी परतता आलं नाही. त्या वर्षीची भाऊबीज होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. त्यामुळे आमच्या बाल्कनीत तेलाची पणती लागत नाही. एक खरी पणती घरात, देवापुढे, पाणी घातलेल्या परातीत, आणि ती जळत असेपर्यंत आमच्यापैकी एकजण तिच्याजवळ. फटाके तर इथे परवान्याशिवाय गुन्हाच आहेत आणि शिक्षाही जबर आहे. आतषबाजी बघायची तर ग्लोबल व्हिलेजला जायचं. मुलीला हे सगळं सांगितलं आणि तिने ते सहज मान्य केलं. तिला फुलबाजी माहीतच नाही, तर उणीव कुठून वाटणार? मला वाटते, पण ती माझी.

सुटीतला पहिला मोठा फेरफटका बर दुबईचा. गाडी मुद्दाम घरी ठेवली. डीएमसीसी स्टेशनवरून लाल मार्गाची मेट्रो, बुर्जुमानला बदलून हिरव्या मार्गाची. ही मेट्रो २००९ पासून चालकाविना धावते, आणि समोरच्या काचेतून रूळ अंगावर येताना बघणं हा मुलीच्या दृष्टीने त्या दिवसातला अर्धा सण. मीना बाजारच्या गल्ल्यांमध्ये दिवाळीआधीच्या आठवड्यात चालायला जागा नसते. आम्ही आधी भाजणी, पोहे आणि उटणं घ्यायला 'अल अदील'मध्ये शिरलो. दातार कुटुंबाने १९८४ साली बर दुबईत हे दुकान काढलं, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाचा फराळ त्या फळ्यांवरच्या पिशव्यांमधून होत आला आहे. मुलीच्या हातात यादी दिली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून यादी चित्रांची: चकलीचं वेटोळं, पोह्यांचे ठिपके, नारळ. एकेक वस्तू टोपलीत पडली की ती चित्रावर काट मारायची. यादीतलं शेवटचं चित्र झेंडूचं होतं, आणि ते मिळवायला खाडीकाठच्या देवळाच्या गल्लीत जावं लागलं.

ही गल्ली मला मनापासून आवडते. दोन माणसं जेमतेम जातील एवढी रुंदी, दोन्ही बाजूंना हार, गजरे, कमळाच्या कळ्या, कुंकू, निरांजनं, आणि पलीकडे मशिदीचा मिनार. जुनं शिवमंदिर २०२४ च्या जानेवारीत इथून जबल अलीच्या नव्या मंदिरात हललं. ते नवं मंदिर २०२२ च्या दसऱ्याच्या सुमारास उघडलं. पांढरं, प्रशस्त, गाडी लावायला जागा असलेलं, आणि आम्हाला जेएलटीहून तेच जवळ. लक्ष्मीपूजनानंतर आम्ही तिथे जातोही. तरी मुलीला सणाआधी मी या जुन्या गल्लीतच आणते. फुलं विकत घेताना इथे फुलवाल्याशी बोलावं लागतं, घासाघीस करावी लागते, हार ओवणाऱ्याची बोटं बघायला मिळतात. ती तिथे खाली बसून बराच वेळ ती बोटं बघत होती. फुलवाल्याने तिला सुई नसलेला दोरा आणि मूठभर सुटी फुलं दिली.

तिथून थोड्याच अंतरावर अल फहिदीचा किल्ला. १७८७ सालचा, दुबईतली उभी असलेली सर्वांत जुनी इमारत म्हणून ओळखला जाणारा. समुद्रातले प्रवाळाचे दगड आणि चुना यांच्या त्या भिंती आम्ही बाहेरूनच हात लावून बघितल्या. हा थांबा सहज घडलेला नव्हता, त्याचं कारण पुढे येईल. मग अब्रा, खाडी ओलांडणारी लाकडी होडी, माणशी एक दिरहॅम. पलीकडे देइऱ्याला उतरून सोन्याच्या बाजारातून एक चक्कर. त्या आठवड्यात चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला पाचशे दिरहॅमच्या वर गेलेला, तरी धनत्रयोदशीची गर्दी होतीच. मुलीने काचेतल्या सोन्याच्या पोशाखाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, होडीत परत कधी बसायचं?

आता कंदिलाबद्दल, कारण त्या आठवड्याचा जीव त्यातच होता.

कंदील बांबूच्या कामट्यांचा करायचा आणि मैद्याच्या खळीने कागद लावायचा, हे मी ठरवलेलं होतं. कामट्या जेएलटीत कुठून मिळणार? सुपरमार्केटमध्ये कबाब भाजायच्या बांबूच्या लांब काड्या मिळतात, त्या आणल्या आणि टोकं कापून बोथट केली. पतंगी कागद सातारहून आलेला होता. मी षटकोनी कंदील बांधायला घेतला होता, आणि मुलीला हवी होती चांदणी. आमच्या शेजारी फिलिपिन्सच्या पम्पांगा प्रांतातलं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची, त्यामुळे दोन्ही घरांची दारं दुपारी उघडीच असतात. ती शेजारीण दारातून काड्यांचा पसारा बघून आत आली आणि न विचारता खाली बसली. त्यांच्याकडे ख्रिसमसला चांदणीचा कंदील लावतात, त्याला ते पारोल म्हणतात. पम्पांगामधलं सान फर्नांडो हे शहर त्या कंदिलांसाठीच प्रसिद्ध आहे; तिथे डिसेंबरात अवाढव्य कंदील करून त्यांची चढाओढ लावतात. पण घरोघरचा पारोल अजून बांबू, दोरा आणि पातळ कागद यांचाच.

तिची कृती सांगते, कारण ती पाच वर्षांच्या मुलालाही समजते. पाच सारख्या काड्या घ्यायच्या. हात न उचलता कागदावर चांदणी काढतो तशा त्या एकमेकींवर आडव्या-तिडव्या ठेवायच्या आणि पाचही टोकं दोऱ्याने बांधायची. अशीच दुसरी चांदणी. मग दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून टोकाला टोक बांधायचं. आता मधे जिथे काड्या एकमेकींना छेदतात तिथे एक पंचकोन तयार होतो. त्याच्या पाच कोपऱ्यांत, दोन्ही चांदण्यांच्या मधे, बोटभर लांबीचे पाच तुकडे उभे बसवायचे. तुकडे बसताक्षणी सपाट चांदणी फुगते आणि कंदील होते. दोघी मुली त्या क्षणी ओरडल्याच. माझ्या आजोबांच्या चांदणीचा सांगाडा असाच असायचा. दोन समुद्रांपलीकडच्या दोन गावांनी बांबू आणि कागदाकडे बघून एकच तोड काढली, आणि ती आमच्या मुलींना एकाच सतरंजीवर शिकायला मिळाली, याचा मला अजून आनंद आहे.

कागद चिकटवायचं काम पूर्ण मुलींचं. खळ कोमट असतानाच बोटांनी लावायची, ब्रश नाही. कागद दोन ठिकाणी फाटला, तिथे वेगळ्या रंगाचं ठिगळ लागलं, आणि रात्री आत बॅटरीचा दिवा सोडल्यावर ती ठिगळंच उठून दिसली. झिरमिळ्यांवरून चर्चा झाली. शेजारच्या मुलीचं म्हणणं, खालच्या दोन टोकांना दोनच शेपट्या हव्यात, त्यांच्याकडे तसंच असतं. आमची म्हणाली, पाचही टोकांना हव्यात. हा कंदील दिवाळीचा, म्हणून पाचही टोकांना लागल्या.

किल्ल्याचं मात्र सगळं खातं बापाकडे होतं. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून घरात किल्ल्यांचा विषय चालू होता, आणि अल फहिदीच्या भिंतीला हात लावायला थांबलो तो त्यासाठीच: किल्ला हे चित्र नसतं, दगड असतो, हे तिला कळावं म्हणून. कुठला किल्ला करायचा, यावर तिचं उत्तर तयार होतं. पाण्यातला. तळ्यातल्या बेटावरचा अल्मास टॉवर रोज बघणाऱ्या मुलीला सिंधुदुर्ग वेगळा समजावून सांगावा लागत नाही; पाण्यातून वर आलेल्या भिंती तिने जन्मापासून बघितल्या आहेत. १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, हे बापाने माती कालवता कालवता सांगितलं. माती कुंड्यांसाठी मिळते ती. इथली वाळू कोरडी आणि पिठासारखी बारीक, भिंत म्हणून उभी राहत नाही. तटबंदी वळणावळणाची झाली, दारासमोर भिंत वळवून गोमुख केलं, आणि सभोवती मोहरी पेरली. इथल्या उबेत ती दोन दिवसांत उगवली. मावळे कणकेचे, हळद आणि कुंकवाने रंगवलेले. शिवाजी महाराज तेवढे सातारच्या आजोबांनी पाठवलेले, मातीचे, कागदात गुंडाळून कुणाच्या तरी सामानातून आलेले.

भेटवस्तूंबद्दल आमच्या घरात एकच नियम केला: ज्याला द्यायची त्याच्याशी बोलून, मग करायची. पाच वर्षांचं मूल मोठ्या माणसाला काय देऊ शकतं, असा प्रश्न पडतो. त्याने विचारलेला प्रश्न आणि त्याच्या हातचं काम, एवढं ते नक्की देऊ शकतं. मागच्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं आम्ही जपून ठेवली होती, त्यांच्या पुड्या केल्या आणि त्यांत चिवडा भरला. मातीच्या पणत्या रंगवून झाल्या. आणि मग मुलगी खाली लॉबीत गेली, सुरक्षारक्षक काकांना विचारायला, की तुमच्या घरी दिवाळीला काय करतात.

काका नेपाळचे. त्यांच्याकडे या दिवसांत तिहार असतो, आणि त्यातला एक दिवस कुत्र्यांचा. कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. त्या वर्षी तो दिवस आमच्या नरक चतुर्दशीलाच होता. काकांनी आपल्या गावच्या कुत्र्याचा माळ घातलेला फोटो फोनवर दाखवला. मग बर दुबईहून आणलेली झेंडूची सुटी फुलं कुठे जाणार हे ठरून गेलं. आमच्या भागात कुत्री पाळणारी घरं पुष्कळ. लिफ्टमध्ये रोज भेटणारं एक वयस्कर, शांत कुत्रं मुलीचं खास मित्र आहे. फुलवाल्याने दाखवलं तशी तिने माळ ओवली, यावेळी सुईने, मी सुई धरलेली. सोमवारी संध्याकाळी शाळेतून आल्यावर तळ्याकाठी त्याच्या मालकिणीला आधी विचारून ती माळ घातली. काका ड्यूटी संपवून मुद्दाम बघायला आले. त्यांनी कुत्र्याच्या कपाळावर टिळा लावला, नंतर मुलीच्या. काही बोलले नाहीत. सणाला घरापासून लांब राहून दुसऱ्यांच्या दाराशी उभं राहणाऱ्या माणसाला काय द्यावं हे मला आजवर सुचलेलं नव्हतं, आम्ही दरवर्षी पाकीट द्यायचो. पाकीट त्या वेळीही दिलं, द्यायलाच हवं. पण तिने विचारून घेतलेला आणि त्यांनी आपल्या हाताने पुरा केलेला सण तो हा.

त्याच सोमवारी पहाटे आजीचा व्हिडिओ कॉल आला होता. सातारचं घड्याळ आमच्या दीड तास पुढे, त्यामुळे तिथे फटफटलं तरी इथे मिट्ट काळोख. आजीने फोनच्या पडद्यातून नातीला ओवाळलं, मी इकडे उटणं लावलं, अंघोळ झाली, चकलीचा पहिला तुकडा मोडला, आणि मुलगी बससाठी खाली उतरली तेव्हा तिच्या डब्यात वर्गासाठी कागदी पुड्या होत्या. भाऊबीजेला पुण्याच्या मामेभावाला तिने असंच पडद्यातून ओवाळलं. त्याच्यासाठी केलेली भेट, म्हणजे सिंधुदुर्गाचं तिने काढलेलं चित्र ज्यात तटावर तिने स्वतःला आणि त्याला उभं केलं आहे, अजून आमच्या कपाटावर आहे. कुणी पुण्याला जाणारं भेटलं की त्याच्याबरोबर जाईल.

मला अनेकदा विचारतात, विशेषतः सुटीत भारतात गेलं की, मुलीला खऱ्या दिवाळीची कल्पना तरी येते का? येते. तिच्या दिवाळीत मेट्रो आहे, अब्रा आहे, नेपाळच्या कुत्र्यांचा दिवस आहे, पारोलची कृती आहे, आणि कणकेचे मावळे आहेत. माझ्या दिवाळीतलं जे तिच्या दिवाळीत नाही त्याची यादी मी तिला करून देणार नाही. तिची दिवाळी माझ्या दिवाळीची नक्कल नाही, आणि मी ती तशी होऊ देणार नाही. आपल्या मुलांना दरवर्षी 'आमच्या वेळी' ऐकवत जो सण आपण देतो तो त्यांच्या हातात कधी येतच नाही. तो आपल्याच हातात राहतो आणि आपल्याबरोबर संपतो.

तुळशीच्या लग्नापर्यंत कंदील बाल्कनीत होता. तो उतरवला तेव्हा कागद विरला होता, पण सांगाडा भक्कम होता, दोऱ्याची एकही गाठ सुटलेली नव्हती. शेजारणीने तो वाया जाऊ दिला नाही. पम्पांगाहून तिच्या बहिणीने पाठवलेला नवा कागद तिच्याकडे होताच. जुना कागद दोघींनी ओल्या फडक्याने सोडवला आणि नवा चढवला. आता तो त्यांच्या दारात आहे, ठरल्याप्रमाणे दोन शेपट्यांचा, आणि दुपारभर आमची मुलगी तिकडेच असते. त्यांच्याकडे ख्रिसमसला काय काय करायचं असतं याची चित्रांची यादी तिने करायला घेतली आहे.